चालू आहे तोवर विकून टाका



मागच्या लेखानंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही म्हणून काहींनी विचारणा केली. कारण साधं होतं. लॅपटॉप बिघडला होता. पण त्या बिघाडातून जे प्रश्न निघाले ते फक्त यंत्राचे नव्हते, म्हणून आज त्यावरच लिहिते. आता आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात एखादा तरी लॅपटॉप आहे. मुलांनी नवा घेतला की जुना आईकडे येतो, तसाच माझ्याकडेही आला.

एप्रिल संपत आला होता. मंडळाचा वर्षाचा हिशोब टाइप करत होते आणि पडद्यावर हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा उमटल्या. बंद करून चालू केला, रेघा गेल्या. दोन दिवसांनी पुन्हा आल्या, या वेळी चौकटी चौकटी, जशी एखाद्याने रांगोळीवरून फुंकर मारावी. मग एका दुपारी पडदा काळाच झाला. पंखा मात्र आत घूं घूं करत होता. बिल काढून पाहिलं. लॅपटॉप घेतला तेव्हा किंमत ६८,००० रुपये होती. एक वर्षाची वॉरंटी, वर पैसे भरून वाढवलेली दोन वर्षं, अशी तीन. ती संपून दोन महिने आणि चार दिवस झाले होते.

पहिली काळजी पैशाची नव्हती. सासूबाईंच्या आवाजातली पदं त्यात आहेत. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाताना गाडीत त्या म्हणायच्या ती, आणि पाळण्याची, आरतीची. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी मोबाइलवर घेतली आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवली. तो मोबाइल केव्हाच गेला. एकेचाळीस पदं, त्यांतली कित्येक कुठल्याच पुस्तकात नाहीत.

मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, घाबरू नकोस. पडदा गेला म्हणजे आतलं गेलं असं नाही. आधी टीव्हीला जोडून बघ." केबलने टीव्हीला जोडला, चालू केला. टीव्हीवरही त्याच रेघा. म्हणजे लॅपटॉपचा पडदा निर्दोष होता. पडद्याला चित्र पाठवणारा जो भाग, ज्याला ग्राफिक्स चिप म्हणतात, तो आजारी होता. ही परीक्षा लक्षात ठेवा. बाहेरच्या पडद्यावर चित्र स्वच्छ आलं तर बिघाड लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या पट्टीच्या केबलमध्ये, आणि तो दुरुस्त करणं तुलनेने स्वस्त. दोन्हीकडे रेघा असतील तर संशय चिपवर, आणि ते महाग. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी एवढं कळलं तरी बोलताना आपला पाय घट्ट राहतो.

आमच्या गावात कंपनीचं सेवा केंद्र नाही. नांदेडला गेलो. तिथे सांगितलं की ही चिप मदरबोर्डवरच बसवलेली असते, सुटी बदलत नाही, सगळा बोर्ड बदलावा लागेल. खर्च ३४,००० रुपये आणि वर कर.

मी बी.कॉम. आहे. पदवी घेऊन पंचेचाळीसेक वर्षं झाली, पण आकडा दिसला की हात आपोआप कागदाकडे जातो. आयकरात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. ६८,००० चे पहिल्या वर्षाअखेर ४०,८००. दुसऱ्या वर्षी २४,४८०. तिसऱ्या वर्षी १४,६८८. वहीत ज्याची किंमत पंधरा हजारांच्या आत, त्यावर चौतीस हजार घालायचे. यजमान म्हणाले, "बैल मेला तर मेला, गोठा कशाला विकायचा?" ठीक. पण वहीतली किंमत आणि कामाची किंमत वेगळी असते, हेही कॉमर्सच शिकवतं. माझं काम आहे टायपिंगचं, हिशोबाचं आणि मंगळवारी दुपारच्या ऑनलाइन स्वाध्यायाचं. तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा का, हाही प्रश्न होताच.

आता ही चिप जाते कशी, ते मला जसं समजलं तसं सांगते. चिप बोर्डावर नुसती चिकटवलेली नसते. तिच्या खाली मोहरीहून लहान अशा कथलाच्या शेकडो गोळ्या असतात, आणि चिपच्या आतही त्याहून बारीक टिपके असतात. काम करताना चिप खूप तापते, बंद केली की निवते. तापल्यावर चिप वेगळी फुगते आणि खालचा बोर्ड वेगळा. रोजच्या या फुगण्या-आक्रसण्याने मधल्या सांध्यांना केसासारख्या भेगा पडतात. आपल्याकडचा उन्हाळा, हळद-ज्वारीची धूळ, जाऊन-येऊन असणारी वीज आणि गादीवर ठेवून लॅपटॉप वापरायची सवय, हे सगळं त्या सांध्यांवर येतं.

हे काही आपल्याच नशिबी आलेलं नाही. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की तिच्या लॅपटॉपसाठीच्या काही चिप्समध्ये वापरलेलं साहित्य कमजोर निघालं आणि नेहमीपेक्षा जास्त चिप्स निकामी होत आहेत. दुरुस्ती आणि बदलीसाठी तिने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. डेलने अशा लॅपटॉपांची यादी दिली आणि त्यांची वॉरंटी १२ महिन्यांनी वाढवली. ॲपलला आधी सांगण्यात आलं होतं की तुमच्या लॅपटॉपांना धोका नाही. ॲपलने स्वतः तपासणी केली, काहींत दोष सापडला, आणि वॉरंटी संपलेल्या ग्राहकांनाही फुकट दुरुस्ती दिली. पुढे ॲपलच्याच २०११ च्या मोठ्या मॅकबुक प्रोंवर अशीच वेळ आली. ग्राहकांनी अमेरिकेत न्यायालयात धाव घेतली, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने वॉरंटीबाहेरच्या लॅपटॉपांचीही फुकट दुरुस्ती सुरू केली.

यातून मला एक गोष्ट कळली. वॉरंटी संपली म्हणून तक्रार संपत नाही. प्रत्येकजण "आपलंच नशीब" म्हणून गप्प बसला असता, तर दोष एकाच जातीच्या चिपमध्ये आहे हे कधी उघड झालं नसतं. अनेकांनी नोंदवलं म्हणून ते दिसलं.

म्हणून मी १९१५ वर फोन केला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बिलाचा क्रमांक, तारीख, लक्षणं, सेवा केंद्राने दिलेला अंदाजपत्रकाचा कागद, सगळं सांगितलं. बिल मुलाच्या नावावर होतं. मला वाटलं अडेल, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. आणखी दोन गोष्टी आपण बायकांनी पाठ कराव्यात. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. आणि वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर त्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. वॉरंटी संपली आहे, पण सद्भावना म्हणून बोर्डाच्या किमतीत काही सूट देऊ. सूट धरूनही रक्कम पंचवीस हजारांच्या वर जात होती. आयोगात जायचं का? घरात चर्चा झाली. तिथे दोष मुळातलाच होता हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं. मुलाने तीन वर्षं त्यावर रात्र-रात्र डिझाईनचं काम केलं होतं. दोष कारखान्यातला की वापराचा, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नव्हतं. जे मला माहीत नाही ते शपथेवर कसं लिहून देऊ? तक्रार नोंदलेली राहू दिली आणि तिथे थांबले.

मग नांदेडमध्येच ओळखीतून एक दुरुस्ती करणारा मुलगा मिळाला. लहानसं दुकान, पण हात स्वच्छ. त्याने आधी हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि माझ्यासमोर सासूबाईंचं एक पद लावून दाखवलं. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, तीही ऐकत राहिली. सगळी पदं पेन ड्राइव्हवर घेतली, मुलाकडेही पाठवली. त्याक्षणी माझं निम्मं ओझं उतरलं.

लॅपटॉप उघडताना मी त्याला एक विनंती केली होती. वाऱ्याच्या झरोक्यात जळमटं होती, एकदम मशीनने हवा मारू नको, आधी बघ आत काही जीव आहे का. तो हसला नाही. बॅटरी लावून पाहिलं, तीन-चार मुंग्या होत्या. मऊ ब्रशने त्या कागदावर घेतल्या, बाहेर सोडल्या, मग धूळ काढली. यत्नाचार म्हणजे आणखी काय असतं?

त्याने तीन वाटा सांगितल्या. एक, चिपला गरम हवेचा शेक द्यायचा, खर्च दीड हजार. दोन, चिप उतरवून नवी बसवायची, खर्च नऊ हजार, तीन महिन्यांची हमी. तीन, मोठी ग्राफिक्स चिप बंदच करायची आणि प्रोसेसरच्या आत जी लहान ग्राफिक्सची सोय असते तिच्यावर लॅपटॉप चालवायचा. मुलाने डिझाईनसाठी मोठी चिप कायम चालू ठेवली होती. माझ्या लॅपटॉपात ती बंद करायची सोय होती, सगळ्यांत नसते.

बिघाड चिपचाच आहे याची खात्री करायला त्याने आधी शेक दिला. लॅपटॉप चालू झाला. रेघा गायब, पडदा आरशासारखा. मी खूश झाले. तो म्हणाला, "काकू, हे औषध नाही, शेक आहे. आठ दिवस चालेल, दोन महिनेही चालेल. भेग बुजली नाही, तात्पुरती टेकली आहे. आत्ता असाच घेऊन जा, पुन्हा रेघा आल्या की काय करायचं ते ठरवू." शेकाचे पैसे घेतले, आणि कागदावर जे केलं ते लिहूनही दिलं.

इथपर्यंत गोष्ट यंत्राची होती. यापुढची आपली आहे.

घरी पाहुणे आले होते, जवळच्या नात्यातले. त्यांनी लॅपटॉप पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, चालू आहे तोवर विकून टाका. मी गिऱ्हाईक आणतो." दोन दिवसांत गिऱ्हाईक आलंही. ओळखीतल्या एका बाईंची मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राला लागणार होती. आई शिवणकाम करते. बावीस हजार द्यायला तयार होत्या. बिल होतं, खोका होता, पडदा लखलखीत होता. मुलगी लॅपटॉपवरून हात फिरवत होती तो हात मला अजून दिसतो.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जुनी वस्तू घेताना लोक बघूनच घेतात. सगळे असंच करतात. तू खोटं थोडंच बोलतेस? त्यांनी विचारलं नाही तर तू सांगायलाच हवं असं नाही." कायद्याच्या दृष्टीने तो अगदीच चूक नव्हता. मालविक्री कायदा १९३० आम्ही कॉलेजात शिकलो. त्यातल्या कलम १६ चं मूळ तत्त्व असं की घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. दोष विचारून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी.

पण आपल्या श्रावकाचाराचं पुस्तक तिथे थांबत नाही. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आले आहेत. त्यांतला शेवटचा प्रतिरूपकव्यवहार. चांगल्या वस्तूच्या रूपात हलकी वस्तू देणं. गंमत बघा, हा सत्यव्रताचा अतिचार म्हणून सांगितलेला नाही, अचौर्याचा म्हणून सांगितला आहे. म्हणजे तोंडाने एक शब्द खोटा न बोलताही हे घडू शकतं, आणि ते घडलं तर ती चोरी. लखलखीत पडदा हेच तिथे बोलणं होतं.

आमच्या घरी हळदीचा व्यापार आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले. हळद शिजवतात, वाळवतात, मग ढोलात घालून पॉलिश करतात. पॉलिश झाल्यावर ओली हळदही चकचकीत दिसते. पण वाळलेली हळद मोडली तर कट् असा आवाज येतो, ओली दबते. सासरे बोली लागायच्या आधी स्वतः ढिगातलं हळकुंड मोडून गिऱ्हाइकासमोर धरायचे. ढीग ओला असेल तर दर पडायचा. शेतकरीही कधी कधी रागवायचा. ते म्हणायचे, "आज दर पडला तर उद्या चढेल. माणूस पडला की चढत नाही." त्या घरात मी चाळीसहून अधिक वर्षं राहते आहे. शेक दिलेला लॅपटॉप आणि पॉलिश केलेली ओली हळद, मला दोन्हींत फरक दिसेना.

मी त्या बाईंना घरात बोलावलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. रेघा, शेक, दुरुस्तीवाल्याचा कागद दाखवला. हेही सांगितलं की मोठी चिप बंद करून लहानीवर चालवता येईल, पण मग मुलीच्या अभ्यासाच्या काही कामांना तो हळू पडेल. हवा असेल तर हे सगळं धरून आठ हजारांत घ्या. त्यांनी विचार करते म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की नको, हप्त्यावर नवाच घेतो. पाहुणे नाराज झाले. मध्यस्थ म्हणून त्यांची मान खाली गेली असं त्यांना वाटलं. अजूनही ते बोलताना थोडे जपून बोलतात. त्याचं मला वाईट वाटतं, आणि येत्या क्षमावाणीला मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे. क्षमा मनदुःखाची मागेन, निर्णयाची नाही.

शेक दिल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी रेघा परत आल्या. कॉलेजं तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मी यजमानांना काही म्हटलं नाही, तेही काही म्हणाले नाहीत. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला.

नऊ हजार घालून नवी चिप बसवायची नाही असं मी ठरवलं, कारण माझ्या कामाला ती लागतच नाही. तिसरी वाट धरली. मोठी चिप बंद केली. हा लेख त्याच लॅपटॉपवर टाइप केला आहे. आधीपेक्षा कमी तापतो. एक गैरसोय झाली. टीव्हीची केबल त्या मोठ्या चिपलाच जोडलेली होती, त्यामुळे आता प्रवचन टीव्हीवर मोठं बघता येत नाही. लहान पडद्यासमोर आम्ही दोघं जवळ बसतो.

काही मैत्रिणी म्हणतील, अनित्य भावना भावायची आणि लॅपटॉपसाठी एवढा खटाटोप? मलाही हा प्रश्न पडला होता. पुद्गलाचा धर्मच जुळणं आणि सुटणं. कथलाची गोळी असो की आपलं शरीर, सांधा कधीतरी सुटणार. पण अनित्य आहे म्हणून आजच फेकून द्या, असं भगवंतांनी कुठे सांगितलं? चालणारी वस्तू टाकून नवी आणणं हा निर्मोह नाही, तो प्रमाद आहे. एका लॅपटॉपमागे किती खाणी, किती पाणी, किती अग्नी खर्ची पडतो. माझ्या परिग्रह-परिमाणात घरात एकच लॅपटॉप लिहिलेला आहे. दुसरा आणायचा तर पहिला बाहेर काढावा लागेल, आणि तो भंगारात जाळला जाऊन कुणाच्या तरी श्वासात जाईल. म्हणून ज्या दिवशी हा खरंच थांबेल, त्या दिवशी तो अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यायचा, हे मुलाला सांगून ठेवलं आहे.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. उन्हाळा लागण्याआधी लॅपटॉपचे झरोके साफ करून घ्या, आधी जीव पाहून. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, पाटावर ठेवा. वॉरंटीची शेवटची तारीख कॅलेंडरवर महिनाभर आधीच्या पानावर लिहा, आणि बारीकशीही रेघ दिसली तर त्या मुदतीतच लेखी नोंद करा. दुरुस्तीवाल्याकडून काय केलं ते कागदावर घ्या. आणि तुमच्याकडे कुणा थोरामोठ्यांचा आवाज, हस्ताक्षर, फोटो एकाच ठिकाणी असेल, तर या रविवारी त्याची दुसरी प्रत करून दुसऱ्या घरी ठेवा.

सासूबाईंची पदं ज्यांना हवी असतील त्यांनी कळवा, पाठवते. आवाज थोडा थकलेला आहे, पण शब्द स्वच्छ आहेत.

जय जिनेंद्र.